पेवात वाढवलेलं कुत्रं

जनावरांच्या दवाखान्यात उभा जन्म काढला असं कळलं की लोक मला दोनच गोष्टी विचारतात. बैलाला खच्ची करताना तो लाथ मारत नाही का, आणि पिसाळलेल्या कुत्र्याची भीती वाटत नाही का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मारतो; माझी डावी नडगी बघा. दुसऱ्या प्रश्नाला मी आजवर हसून वेळ मारून नेली. पिसाळलेल्या कुत्र्याला मी भीत असे, पण बेतानं. ते आजारी असतं, त्याचं पुढे काय होणार हे ठरलेलं असतं आणि आपण काय करायचं तेही ठरलेलं असतं. माझी खरी बोबडी वळली ती एका धडधाकट कुत्र्यापुढे. आणि त्याच्या मालकापुढे.

घरच्यांचं म्हणणं असं, की दिवाळी अंकात काहीतरी खुसखुशीत लिहावं, सणासुदीला लोकांना घाबरवू नये. तर आधी त्यांचा मान राखतो.

मी होतो ड्रेसर. म्हणजे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, बांबूच्या नाळीतून म्हशीच्या घशात औषध ओतायचं आणि डॉक्टरसाहेब सुई टोचत असताना जनावराचं डोकं धरायचं. साहेब निम्मा महिना दौऱ्यावर. मागे दवाखान्यात मी एकटा, त्यामुळे लोक मलाच डॉक्टर म्हणत. मीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

पहिली काही वर्षं मी वाईला होतो. तिथे एक पेन्शनर सुभेदार घोडी घेऊन आले. "हिच्या गुडघ्यात काहीतरी आहे. चालता चालता थांबते," म्हणाले. गुडघे बघितले, खूर बघितले, सगळं ठणठणीत. मग मी तिच्यामागून बाजारातून चक्कर मारली. घोडी बरोबर दारूच्या गुत्त्यापुढे थांबली. हलेना. पुढच्या गुत्त्यापुढेही तेच. सुभेदार आयुष्यात दारूला न शिवलेले. त्यांचा चेहरा बघवेना. घोडीचा आधीचा मालक टांगेवाला होता आणि तो कुठे कुठे थांबत असे ते घोडीनं इमानानं लक्षात ठेवलं होतं. मी त्यांना सांगितलं, हिला रोज घाटावरच्या देवळापुढे मूठभर हरभरे घाला, गुत्त्यापुढे काही देऊ नका. काही दिवसांनी घोडी देवळापुढे थांबू लागली. सुभेदार फार देवभोळे आहेत अशी गावात ख्याती झाली ती तेव्हापासून.

या नोकरीनं मला एवढं एकच शिकवलं. जनावर खोडी घेऊन जन्माला येत नाही. खोडी लावलेली असते. लाथ मारणारी म्हैस, शिंग उगारणारा बैल, चावरं घोडं दावणीला आलं, की मी आधी त्याच्या मालकाकडे बघत असे. पुष्कळदा दुखणं तिथेच सापडे. वाईत हे गमतीचं वाटायचं. पुढे माझी बदली म्हसवडला झाली आणि गंमत संपली.

ते दिवस लढाई संपत आल्याचे होते. बेचाळीसनंतर साताऱ्याकडे अशी हवा होती, की अंधार पडला की वाड्या-वस्त्यांची दारं बंद. कोण कुठल्या बाजूचा, कोण दरोडेखोर आणि कोण नुसता अफवेतला, काही कळत नसे. पैसेवाल्यांना राखणीला माणूस मिळेना, कारण राखणदाराचाच भरवसा नाही. म्हणून तिखट कुत्र्यांना मोल आलं होतं. सगळ्यांत तिखट कुत्री मिळत ती म्हसवडहून आटपाडीच्या बाजूला जाताना लागणाऱ्या एका धनगर वस्तीवर, म्हाकू आबाकडे. त्याचा मुलगा सिदू ती तयार करी. लोक वाईहून, कऱ्हाडहून येऊन कुत्री घेऊन जात.

इथे एक सांगून ठेवतो. धनगराचं कुत्रं असं नसतं. ते कोकरांत लोळून वाढतं, मेंढीचं दूध चाटतं आणि लांडगा दिसला तरच वाघ होतं. म्हाकूची ही कुत्री बाकीच्या धनगरांना आवडत नसत. त्याच्या वस्तीवरून जाताना ते मेंढरं लांबून वळवत.

एका बाजाराच्या दिवशी सिदूची बायको हौसा दवाखान्यात आली. वीस-बावीसची असेल. उजव्या दंडाला हळद भरलेली चिंधी, कडेवर तीन-चार वर्षांचा मुलगा. चिंधी सोडली तर दातांच्या खुणा खोल, हाडापर्यंत.

"घरचंच कुत्रं चावलंय," ती म्हणाली. "पिसाळलंय त्ये. लाळ गळतीया. पानी बगितलं की पळतंय. दगूड चावतंय. आवाज बसलाय त्येचा."

माझ्याकडे अशी माणसं पुष्कळ येत. ती गोंधळलेली असत. कुत्रं पाणी पितं का विचारलं तर नवरा एक सांगे, बायको दुसरं. या बाईनं मात्र सगळी लक्षणं एका दमात सांगितली, तीही पिसाळलेलं कुत्रं कसं ओळखायचं ते मी बाजारात टेबलावर उभा राहून लोकांना ओरडून सांगत असे त्याच क्रमानं. मला जरा नवल वाटलं. पण दंडातून रक्त येत होतं, तेव्हा जास्त विचार केला नाही. जखम कार्बोलिकनं जाळून काढली. तिनं हूं की चूं केलं नाही. मुलगा मात्र तिच्या मानेत तोंड खुपसून थरथरत होता.

पिसाळलेलं कुत्रं चावलं तर माणसाला साताऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. तिथे रोज एक अशा बऱ्याच सुया पोटात टोचत. त्या घेतलेला माणूस पुढे वर्षभर पोटावर हात ठेवून बोलतो. म्हणून उगाच कुणाला पाठवायचं नाही, आधी कुत्रं बघायचं, असा आमचा रिवाज. मी सायकल काढली आणि दुपारच्या उन्हात वस्तीवर गेलो.

सिदूनं माझं आगतस्वागत केलं ते आजही आठवतं. पायावर पाणी दिलं, घोंगडं अंथरलं, ताक आणलं. तिशीचा, उंच, आवाज मऊ. बोलताना खाली बघायचा. मनात आलं, एवढा गरीब माणूस असली कुत्री कशी तयार करत असेल? त्याचा बाप म्हाकू आबा बाजल्यावर पडलेला होता. कमरेखालून गेलेला, पण हातात काठी आणि डोळे टक्क उघडे.

कुत्रं साखळीला होतं. काळं, छातीला रुंद. मी लांब बसून बराच वेळ बघत राहिलो. जबडा लोंबत नव्हता. लाळ नव्हती. मातीच्या परळात पाणी ठेवलं होतं ते लपालपा प्यालं. माझ्याकडे बघितलं, शेपटी हलवली नाही, भुंकलंही नाही. पिसाळलेल्या कुत्र्याचे डोळे धुरकट असतात, त्याला आपण दिसतच नाही. या कुत्र्याला मी चांगला दिसत होतो.

"हे पिसाळलेलं नाही, सिदू," मी म्हणालो.

"म्या बी त्येच म्हंतोय," तो म्हणाला. "पर ती लय भ्याली. आपनहून चावनार न्हाई त्ये. त्येला सांगितल्याबिगर चावत न्हाई."

"सांगतोस कसं?"

मला वाटलं होतं तो टाळेल. उलट त्याला आनंद झाला. आपल्या हातातलं कसब कुणीतरी विचारतंय म्हटल्यावर कुणाला होत नाही? तो मला गोठ्यामागे घेऊन गेला. तिथे एक जुनं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेलं धान्याचं कोठार. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मात्र खोली मावेल अशी जागा. तोंडाभोवती घडीव दगड. पूर्वी त्यात ज्वारी भरत. आता त्यातून घाणीचा आणि दुधाचा आंबूस वास येत होता.

"दूद तुटलं की पिल्लू हितं सोडायचं," सिदू सांगू लागला. "आंदार. मान्साचा वास न्हाई, मेंढराचा न्हाई, भावंडांचा न्हाई. मग आबा वरनं काठी वाजवायचे ह्या दगडावर. आन् घोंगडं पांघरून कोनीतरी खाली उतरायचं आन् झोडपायचं. मरंल आसं न्हाई, बेतानं. त्यो मानूस वर गेला की म्या उतरायचो, दूद-भाकरी घिऊन. हात चाटतंय बगा, लय चाटतंय. त्येला उमगतंय, ह्यो येकच हात आपला हाय, बाकी समदी काठी. पयल्यांदा काठी वाजली की कोपऱ्यात जातंय. मग येक दिस काठी वाजली की झेप घेतंय. त्या दिशी वर काडायचं. तयार झालं."

"आणि विकत घेणारा?"

"त्येनं हितं ऱ्हायाचं. पेवात उतरून आपल्या हातानं भाकरी द्याची." तो लाजून हसला. "वाईचं येक सावकार आलं व्हतं. धोतार खोचून उतरलं, पर वर निगंना. पोट आडकलं."

मीही हसलो. तेवढंच शेवटचं हसलो.

"हे तुला शिकवलं कुणी?"

"आबांनी. मला बी आसंच घडीवलं की." पोहायला कसा शिकलो हे सांगावं तसं तो सांगत होता. "म्या ल्हानपनी लय भित्रा. आई गेली तवा रडाय लागलो, थांबंनाच. मग आबांनी हितं सोडलं. चुलता उतरून मारायचा. आबा भाकरी घिऊन यायचे, मांडीवर घ्यायचे. माज्यासंगं येक काळं पिल्लू व्हतं. त्येच्या आदी म्या तयार झालो, डाक्तर."

हे सांगताना त्याची मान पहिल्यांदा ताठ झाली. पुढे तो म्हणाला, पलटणीत भरती झालो होतो, पण हवालदारानं छडी टेबलावर आपटली आणि पुढचं आठवत नाही. चौघांनी मिळून हवालदाराला सोडवलं. "मग आंदाऱ्या खोलीत डांबलं. समदी म्हनली लय वंगाळ जागा. मला तितं झोप बेस लागायची."

आत खरंच एवढी जागा आहे का, हे माझ्या मनात घोळत होतं. आमच्या धंद्यात एक वाईट सवय लागते. जनावराचं पोट फुगलं की टिचकी मारून बघायचं, पोकळ की भरीव. मी काहीही विचार न करता हातातली छत्री पेवाच्या दगडावर दोनदा आपटली, आवाज आत कसा घुमतो ते बघायला.

गोठ्यापलीकडे साखळी ताडकन ताणली गेली. ती मी ऐकली. सिदू आला तो मात्र मला दिसलाच नाही. पाठ जमिनीला लागली आणि गळ्यावर त्याचे दोन्ही हात. त्याच्या तोंडावर राग नव्हता. काहीच नव्हतं. मघाशी ताक देणारा माणूस तिथे नव्हताच. मी ओरडायला बघत होतो आणि आवाज फुटत नव्हता. बाजल्यावरून म्हातारा हसत असलेला ऐकू येत होता.

मग एक हात मध्ये आला. हौसाचा. पट्टी बांधलेलाच हात. त्यात भाकरीचा तुकडा होता. तिनं तो सिदूच्या ओठांना लावला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "खावा. खावा बगू. गेला त्यो वर."

सिदूनं तुकडा तोंडात घेतला. चावला. माझ्या गळ्यावरचे हात सैल पडले. तो बाजूला बसला, दोन्ही हात काखेत दाबून, आणि कुठेतरी बघत चघळत राहिला. हौसाच्या कमरेला एक फडकं खोचलेलं होतं, त्यात आणखी तुकडे होते. या बाईला रोज सोबत भाकरी बाळगावी लागते हे तेव्हा मला कळलं.

म्हातारा बाजल्यावरून बोलला. "बगितलं का, डाक्तर? आसं मर्द व्हावं मान्सानं. आन् ह्येचं पोरगं बगा. घरच्या कुत्र्याला भ्यातंय! सुगी झाली की बिऱ्याला बी सोडतो खाली. सिदू हानंल, म्या वरनं भाकरी दीन."

म्हणजे सिदूच्या वेळी बापाच्या हातात भाकरी होती, या खेपेला काठी असणार होती. मारायला बाप आणि भाकरीला आजा. मी सिदूकडे बघितलं. तो चघळता चघळता मान हलवत होता, व्हय म्हणून. आबा म्हणाले ना, मग झालं.

मी सायकल घेऊन निघालो. विहिरीपाशी हौसा घागर घेऊन उभी होती, वस्तीवरून दिसणार नाही अशी.

"बगितलंसा न्हवं?" ती म्हणाली. "आता तरी म्हना, कुत्रं पिसाळलंय म्हून."

"पण नाही ना पिसाळलेलं. तुला फुकट सुया घ्याव्या लागतील. पोटात. रोज."

"सुया मला घ्याच्या हायत, डाक्तर. तुमचं काय जातंय?" मग घागर खाली ठेवून ती म्हणाली, "त्ये चावलं न्हाई वो. म्या चावून घेतलं. म्याच काठी वाजीवली दगडावर आन् हात म्होरं केला. दुसरं काय करू? म्हायेरी कोन न्हाई. भाऊ साताऱ्याला वखारीत हमाल हाय. नवऱ्याला सोडून आले म्हनलं तर दुसऱ्या दिशी परत घालवंल. पर सुया घ्यायला आले म्हनलं तर ऱ्हाऊ दील, पोराला घिऊन. आन् पिसाळल्यालं कुत्रं ऱ्हात व्हतं म्हनलं की सरकार त्ये पेव बुजवंल न्हवं?"

सरकारला पेवांशी काही देणंघेणं नव्हतं. तसं मी सांगणार होतो. पण तो मुलगा तिच्या पदराला धरून उभा होता आणि माझा गळा अजून दुखत होता. त्याला त्या भोकातून खाली सोडलेलं मला दिसायला लागलं. मी म्हणालो, "उद्या सकाळच्या मोटारीनं साताऱ्याला जा. चिठ्ठी देतो."

साहेब परतायच्या आत हे उरकायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी हौसा आणि बिऱ्या मोटारीत बसल्याची खात्री करून मी गावच्या पाटलाला आणि वस्तीजवळच्या चार माणसांना घेऊन गेलो. जाताना मला भीती वाटत होती. खोटं पकडलं जाईल आणि नोकरी जाईल याची नव्हे. सिदूला कळलं, बायकोनं मुद्दाम हे केलंय, तर तो साताऱ्याला जाऊन पोचेल, याची.

मी जाहीर केलं, "कुत्रं पिसाळलेलं आहे. सुरुवात आहे म्हणून दिसत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ ज्या पेवात गळली ते पेव दगड आणि चुना घालून बुजवायचं, असा कायदा आहे." असा कायदा तेव्हा नव्हता, आजही नसावा. पण सरकारी टोपी घालून सांगितलं की कायदा होतो.

कुत्र्याला गोळी घालायला पाटलाची बंदूक होती. पण तिच्या आवाजानं सिदूचं काय होईल याचा मला धसका. म्हणून कुचल्याचं विष नेलं होतं. आता अडचण अशी, की ते कुत्रं खायचं फक्त सिदूच्या हातचं. मी भाकरीत विष भरून त्याच्या हातात दिली. त्यानं विचारलं नाही, काय आहे. त्याला माहीत होतं. तो कुत्र्यापाशी उकिडवा बसला, भाकरी मोडून मोडून दिली. कुत्र्यानं ती खाल्ली आणि त्याचा हात चाटला. ते पडल्यावरही सिदूनं हात तसाच पुढे धरला होता. निरोगी जनावर मी मारलं असं माझ्या नोकरीत दुसऱ्यांदा घडलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि तरी परत तीच वेळ आली तर मी परत तेच करीन.

मग माणसं दगड आणू लागली. सिदूही आणू लागला. म्हाताऱ्यानं शिव्यांची लाखोली वाहिली. बाजलं ओढत पेवापाशी आणायला लावलं. कुणी ऐकेना म्हटल्यावर त्यानं काठी उचलली आणि माझ्याकडे बघत पेवाच्या दगडावर वाजवली. दोनदा. मग परत.

सिदूच्या दोन्ही हातांत मोठा धोंडा होता. तो वळला. दोन ढांगांत माझ्यापुढे येऊन उभा राहिला. त्याचा श्वास माझ्या तोंडावर येत होता. कमरेला भाकरी बांधणारी तिथे नव्हती. मला पळता येईना. पाटील बंदूक घेऊन मागे सरकला. सगळे मागे सरकले. सिदूच्या कपाळावरून घाम गळत होता आणि धोंडा थरथरत होता.

"डाक्तर," तो मोठ्या कष्टानं म्हणाला, "तुमी जरा लांब जावा."

मी लांब गेलो. खरं सांगायचं तर धूम ठोकली. बांधापलीकडे जाऊन वळून बघितलं, तर तो धोंडा घेऊन तसाच उभा होता. मग तो पेवाकडे गेला आणि धोंडा आत टाकला. संध्याकाळपर्यंत पेव काठोकाठ भरलं. पाटील पुढे कित्येक वर्षं सांगत असे, की आपण बंदूक रोखली होती.

माझ्या दृष्टीनं प्रकरण संपलं होतं. साहेब आले, मी एका ओळीत रिपोर्ट दिला, त्यांनी मान डोलावली. आणि एका सकाळी दवाखाना उघडताना पायरीवर सिदू बसलेला. माझ्या हातातून कुलूप पडलं.

तो उठला. खाली बघत म्हणाला, "मला बी सुया द्या."

"कसल्या सुया?"

"पिसाळल्याच्या." त्यानं सदरा वर केला. पोटावर, बरगड्यांवर जुन्या माराचे वळ होते, वाढत्या अंगाबरोबर वाढलेले. "तुमीच म्हनला न्हवं, त्या पेवात त्ये भिनलंय म्हून? त्ये कुत्रं तितं वाढलं. म्या बी तितंच वाढलो. कुत्र्याला कळलं आसंल का आपल्याला काय झालंय त्ये? मला बी कळत न्हाई. पर व्हतंय खरं. म्हंजी माज्यात बी हाय त्ये."

माझी थाप त्यानं माझ्यापेक्षा नीट ऐकली होती. कुत्रं पिसाळलेलं नव्हतं, मी थाप मारली होती, असं सांगावं तर हौसाचं बिंग फुटणार. आणि सुई नाही म्हणावं, तर तो साताऱ्याला मोठ्या दवाखान्यात जाणार, जिथे हौसा बिऱ्याला घेऊन रोज सुयांना येत होती.  शेवटी मी पाणी उकळलं, त्यात चिमूटभर मीठ घातलं, थंड केलं आणि आमच्याकडची त्यातल्या त्यात बारीक सुई घेऊन त्याच्या पोटात टोचली. जनावरांची सुई ती, बारीक म्हणजे किती बारीक असणार? त्याच्या तोंडावरची सुरकुतीही हलली नाही. "उद्या येतो," म्हणाला.

तो रोज येत राहिला, वस्तीवरून चालत. मी रोज मीठपाणी टोचत राहिलो आणि रोज त्याची पाठ दिसेपर्यंत घाबरत राहिलो. पण हळूहळू तो बोलू लागला. म्हणायचा, आबांना काठी हवी असते, मी ती लपवली. रात्री पेवाच्या जागी जाऊन बसतो. बिऱ्या कुत्र्याला भ्यायचा तेव्हा मला त्याचा राग यायचा, आता वाटतं बरोबरच भ्यायचा. मला ऐकण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. माणसाचं औषध माझ्याकडे नव्हतं, जनावराचंही या रोगावर नव्हतं.

एक दिवस मी म्हणालो, "झालं, सिदू. ही शेवटची." हे मीठपाणी किती दिवस टोचणार?

त्यानं सदरा खाली केला. नीट केला. आणि विचारलं, "मग बिऱ्याला आनू का घरी?"

मी पिचकारी धूत होतो, ती धूतच राहिलो. हो म्हणावं तर त्या मुलाचं काय होईल? नाही म्हणावं, तर हा विचारणार, मग सुया कशाला दिल्या? एवढा वेळ मी कधी पिचकारी धुतली नसेल.

"परवा आबांनी भांडं आपटलं," सिदू म्हणाला. "काठी न्हाई, भांडं. दगडावर. माजा हात गेलाच, डाक्तर. वाऱ्यावर गेला. म्होरं कोन नव्हतं म्हून." त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं होतं. "म्होरं कोन नसलं की मला भ्या वाटत न्हाई. बिऱ्या म्होरं आसता तर?"

मी त्याच्याकडे बघितलं. एवढे दिवस मी या माणसाला भीत होतो आणि तो स्वतःलाच माझ्याहून जास्त भीत होता.

"ऱ्हाऊ द्या त्येला मामाकडं," तो म्हणाला. "शाळंत घाला म्हनावं. मेंढरं नगंत." तो पायरी उतरला, थोडा चालला आणि परत आला. "डाक्तर, हौसाला सांगा. म्या निरोप धाडला तरी येऊ नगं म्हनावं. म्या सोता बोलवाय गेलो, रडलो, पाय धरलं, तरी येऊ नगं."

तो निरोप मी दुसऱ्या कुणावर सोपवला नाही. रजा काढली आणि स्वतः साताऱ्याला जाऊन तिला सांगून आलो.